स्पितीला घरच्यांना घेऊन जाताय? चंद्रताल ते मनाली रस्त्याबद्दल आधी वाचा

सगळ्यात आधी कामाचं सांगते. हिमाचलमधल्या चंद्रताल तलावाहून मनालीला उतरणार असाल तर तंबूतून पहाटे साडेपाचला निघा, फार तर सहाला. नाश्ता बांधून घ्या. नाही मिळाला तर बिस्किटं खा, पण निघा.

"आरामात नऊला निघा, पाच तासांत मनाली, रस्ता आता झालाय," असं आम्हाला सहल आखून देणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं. तंबूवाल्यानेही तेच सांगितलं. मनालीच्या हॉटेलात शिरलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. सोबत सत्तरीला टेकलेल्या सासूबाई, नववीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी. हे आधी कोणी नीट सांगितलं असतं तर दिवस वेगळा गेला असता, म्हणून हे लिहायला बसले.

कुंझुम खिंड ओलांडायची हे माझ्या डोक्यात कॉलेजच्या ट्रेकिंगच्या दिवसांपासून होतं. लग्नानंतर ते नवऱ्याच्याही डोक्यात शिरलं. मग नोकऱ्या, मुलं, घराचे हप्ते, सासऱ्यांचं दुखणं, असं करत ते मागेच पडत गेलं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "माझे गुडघे चालतायत तोवर जाऊ या. आणि मला ठेवून गेलात तर बोलणार नाही." त्याच आठवड्यात तारखा ठरल्या.

जॅकेट कुठलं घ्यावं, बूट कुठले, यावर मी लिहिणार नाही. राजगड किंवा हरिश्चंद्रगड चढून उतरलेल्या घराला ते माहीत असतं. सासूबाईही रोज तासभर चालतात. ज्यांच्या घरात कोणाला दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावं, माझ्या लेखावर विसंबू नये.

आता दिशेबद्दल. आम्हाला आधी विकला जात होता तो कार्यक्रम असा: मनालीहून निघायचं आणि पहिलाच मुक्काम चंद्रतालला. मनाली साधारण 2,050 मीटरवर आहे, चंद्रताल 4,250 च्या पुढे. एका दिवसात झोपायची जागा 2,200 मीटर वर न्यायची म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी आणि मुलांशी खेळ आहे. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा शक्यतो 500 मीटरहून जास्त उंच नसावा, हा डोंगरातला जुना आणि साधा नियम. त्यामुळे मी हटून बसले आणि शिमला, किन्नौरमार्गे गेलो. सांगला, मग कल्पा (2,960), नाको (3,660), ताबो (3,280), आणि मग स्पितीतलं मुख्य गाव काझा. शरीर हळूहळू सरावतं, मध्ये ताबोला थोडं खाली येऊन झोप चांगली लागते. जो कोणी "वेळ वाचतो" म्हणून मनालीकडून चढवतो, त्याच्याकडून सहल घेऊ नका. पूर्णविराम.

किन्नौरचे दिवस छान गेले. छितकुल, बास्पा नदी, कल्पाहून दिसणारा किन्नर कैलास, खाबजवळचा सतलज-स्पितीचा संगम, 996 सालचा ताबोचा मठ. सगळं बघा, कशातही अडचण आली नाही, म्हणून जास्त सांगत नाही. भारतीय नागरिकांना या वाटेवर परमिट लागत नाही. ओळखपत्रं मात्र हाताशी ठेवा, तपासणी नाक्यांवर मागतात.

काझात दोन गोष्टींवर पैसे वाया घालवू नका. पहिली म्हणजे ऑक्सिजनचे डबे. आम्हाला माणशी एक असे पाच डबे घ्यायला लावत होते, "फॅमिली है, रिस्क मत लीजिए" म्हणून. तो डबा तोंडाला लावला की काही मिनिटांत संपतो. उंचीचा त्रास वाढला तर खरा उपाय म्हणजे खाली उतरणं. दुसरी म्हणजे बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन दर तासाला आकडे बघणं. त्या आकड्यांनी घरातलं प्रत्येक माणूस घाबरतं. माणसाकडे बघा. डोकं दुखतंय पण जेवतोय, हसतोय, तर विश्रांती आणि पाणी द्या, आणि त्या दिवशी आणखी वर चढू नका. बसल्या जागी धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर रात्र असली तरी गाडी काढा आणि खाली या. लहान मुलं डोकं दुखतंय असं सांगत नाहीत, ती चिडचिड करतात, जेवण ढकलतात. मुलगी कोमिकला (साडेचार हजार मीटरच्या वर) तशी वागायला लागली. मठ न बघताच काझाला परतलो. संध्याकाळी तिने दोन वाडगे थुक्पा (नूडल्सचं सूप) खाल्ला आणि माझा जीव भांड्यात पडला. काझात सरकारी दवाखाना आहे, तो कुठे आहे हे पोचल्या दिवशीच बघून ठेवा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर आवर्जून विचारा.

आता कुंझुम. लोसर हे स्पितीतलं शेवटचं गाव सोडलं की चढण सुरू होते आणि 4,551 मीटरवर एकदम सगळं उघडतं. समोर चंद्रभागा रांगेची शिखरं, वाऱ्यात फडफडणाऱ्या पताका, कुंझुम देवीचं देऊळ. इथे प्रत्येक गाडी देवळाला प्रदक्षिणा घालूनच पुढे जाते, आमच्या ड्रायव्हरनेही घातली. सासूबाई उतरल्या, पदर डोक्यावर घेतला आणि देवीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मी नवऱ्याचा हात धरला होता आणि मला रडू आवरत नव्हतं. इतकी वर्षं नकाशात बघितलेल्या खिंडीत आम्ही पाचही जण उभे होतो. हे लिहितानाही छाती भरून येते.

चंद्रतालबद्दल फसवणुकीची पहिली ओळ "तंबू तलावाकाठी". तलावाकाठी मुक्कामाला बंदी आहे आणि ती योग्यच आहे; हे रामसर यादीतलं, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतलं ठिकाण आहे. तंबू दोन-तीन किलोमीटर अलीकडे असतात. गाडीतळापासूनही तलावापर्यंत पायीच जायचं, आणि त्या उंचीवर तेवढं चालणंही दमवतं. सासूबाई वाटेत अनेकदा बसल्या, पण पोचल्या. पाण्याचा रंग बघून मुलगी गप्प झाली, आणि ती एरवी गप्प होत नाही. रात्री तंबूत पाणी गोठतं, झोप तुटक लागते. एक रात्र पुरे. दोन रात्रींचं कोणी विकत असेल तर घेऊ नका.

आणि आता तो रस्ता. चंद्रतालहून उतरलं की बातल लागतं; तिथून ग्राम्फूपर्यंत साधारण 50 किलोमीटर. रस्ता म्हणायचं ते नदीपात्रातल्या गोट्यांना. आम्ही गेलो तेव्हा काही तुकड्यांवर रुंदीकरणाचं काम दिसत होतं, पण डांबर नावालाही नव्हतं. गाडीचा काटा पंधराच्या वर जात नव्हता. मागच्या सीटवरच्यांची डोकी छताला आपटतात, म्हणून म्हाताऱ्या माणसाला पुढेच बसवा आणि कमरेमागे उशी द्या. तरीही गोट्यांचा त्रास सहन होतो. खरी अडचण आहे नाल्यांची.

चंद्रा नदीच्या या खोऱ्यात दोन्ही बाजूंना हिमनद्या आहेत; हिमाचलमधली सगळ्यात मोठी, बडा शिगरी, बातलच्या पुढे पलीकडच्या अंगाला आहे. रात्री बर्फ वितळत नाही, म्हणून पहाटे नाल्यांना घोटाभर पाणी असतं. ऊन चढलं की बर्फ वितळतं, आणि दुपारी तेच पाणी रस्त्यावरून मोठमोठे दगड घेऊन धावतं. आम्ही गेलो तेव्हा या नाल्यांवर पूल नव्हते, गाडी पाण्यातूनच घालावी लागत होती. म्हणजे नऊला निघा सांगणारा माणूस तुम्हाला नेमकं पाणी वाढायच्या वेळेला नाल्यावर पाठवत असतो. हे एक वाक्य जरी लक्षात राहिलं तरी माझं काम झालं.

आमच्या पुढे एक टेम्पो ट्रॅव्हलर नाल्याच्या मधोमध अडकला होता. मागचं चाक दोन धोंड्यांमध्ये, पाणी सायलेन्सरच्या वर. दोन्ही काठांना गाड्यांची रांग. आम्ही पोचलो तेव्हा पाण्यात पांढऱ्या पट्ट्याचा एक धोंडा निम्मा वर दिसत होता. दोन वाजेपर्यंत तो पूर्ण बुडाला. मी त्या धोंड्याकडेच बघत होते, बाकी कशाकडे लक्ष जात नव्हतं. नवरा आणि मुलगा इतरांबरोबर खड्ड्यात दगड टाकत होते. बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटं उभं राहिलं की पायाची जाणीव जाते, मग बाहेर येऊन पाय चोळायचे, परत आत जायचं. एका मोठ्या गाडीवाल्याने दोरीने ओढायचे गाडीमागे पाच हजार मागितले. लोक देतही होते, कारण पोरंबाळं बरोबर होती. तुमची स्वतःची जाड टो-दोरी घरून घेऊन जा. ड्रायव्हरकडे असेल असं धरून चालू नका, निघण्याआधी डिकी उघडून डोळ्यांनी बघा. स्टेपनी आणि जॅकही तसाच बघा.

टेम्पो निघाल्यावर एका स्थानिक पिकअपवाल्याने सासूबाईंना आणि मुलांना आपल्या उंच गाडीतून पलीकडे नेलं, पैसे देऊ केले तर हात जोडले. आमचा ड्रायव्हर आधी काठी घेऊन स्वतः पाण्यात उतरला, कुठे खोल आहे ते बघून आला, मग पहिल्या गिअरमध्ये, मध्ये कुठेही ॲक्सिलरेटरवरून पाय न काढता, गाडी सरळ बाहेर काढली. असा डोंगरातला ड्रायव्हर मिळाला तर तो म्हणेल तेच ऐका. पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही, इंजिनात पाणी जातं. आणि मुलांचा हात धरून वाहता नाला पायी ओलांडायचा विचारही करू नका, गुडघाभर पाणीसुद्धा माणसाला पाडतं.

त्यानंतर आणखी दोन नाले होते. छतरूला अंधार पडता पडता राजमा-चावल खाल्ला. ग्राम्फूला डांबर लागलं तेव्हा गाडीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कोकसर, मग 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा, आणि पलीकडे मनालीचे दिवे.

माझं स्पष्ट मत: स्वतःची छोटी, कमी उंचीची गाडी या तुकड्यावर घालू नका. उंच गाडी हवी, आणि हा रस्ता आधी चालवलेला माणूस हवा. बातल ते ग्राम्फूमध्ये फोनच्या भरवशावर राहू नका; घरी आधीच सांगून ठेवा की त्या दिवशी फोन लागणार नाही, म्हणजे तिकडे कोणी घाबरणार नाही. त्या संध्याकाळचं विमान किंवा व्होल्वो मुळीच काढू नका, मध्ये एक मोकळा दिवस ठेवा. आमच्या रांगेतल्या एका कुटुंबाची बस चुकली. ठरवताना "उशीर झाला तर जादा पैसे नाहीत" हे मेसेजवर लिहून घ्या. सहलवाल्याने आमच्याकडे रात्रीच्या ड्रायव्हिंगचे पैसे मागितले, जुना मेसेज दाखवल्यावर सोडले.

घरात गुडघ्याचं किंवा कमरेचं दुखणं असेल तर ग्राम्फूकडे उतरूच नका. लोसरला मुक्काम करा, पहाटे कुंझुम आणि चंद्रताल बघा, आणि परत काझा, किन्नौरमार्गे या. लांब पडतं, पण खिंडही होते आणि तलावही.

शाळेच्या सुट्ट्यांचा इथे उपयोग नाही हेही आधीच पचवा. मे महिन्यात कुंझुम बहुतेक वेळा बर्फाखाली असते, दिवाळीत परत बंद होण्याच्या बेतात. आम्ही जुलैच्या सुरुवातीला गेलो, म्हणजे वितळणाऱ्या बर्फाचा भर. मी परत गेले तर सप्टेंबरच्या मध्यावर जाईन: पाऊस ओसरलेला, थंडीने नाल्यांचं पाणी उतरलेलं, दरडीही कमी. मुलांची शाळा आठवडाभर बुडेल. बुडू द्या, मुख्याध्यापकांना पत्र लिहा. सासूबाईंनी मनालीत गरम पाण्यात पाय ठेवून पहिलं काय विचारलं असेल तर "पिन खोरं राहिलं ना आपलं?" तेव्हा आमच्याकडे सप्टेंबरची तयारी सुरू आहे, आणि या वेळी टो-दोरी मी आधीच आणून ठेवली आहे.