कर्नलचा आकडा

'युनेम -आर' ही आज्ञा लिहून एंटर दाबलं की लिनक्स आपल्या कर्नलचा, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याचा, आवृत्ती-आकडा सांगतं. तो खोटा नसतो, पण कुठल्या घरचा आहे (उबुंटू, डेबियन, आर्च, रेड हॅट ही लिनक्सचीच वेगवेगळी घरं) हे ठाऊक असल्याशिवाय तो नीट वाचताही येत नाही.

उबुंटू २२.०४ वर उत्तर येतं, समजा, ५.१५.०-९१-जेनेरिक. नवख्याला वाटतं, ही ५.१५ ची अगदी पहिली आवृत्ती. पण ते शून्य नुसतं जागा धरून बसलेलं असतं. मूळ कर्नलच्या (ज्यावरून ही घरं आपापला कर्नल बनवतात) पुढच्या दुरुस्त्या आत केव्हाच आलेल्या असतात आणि उबुंटूची घरची मोजणी ९१ पर्यंत पोचलेली असते. डेबियन १२ चं ६.१.० देखील त्याच वळणाचं. तिथे 'युनेम -व्ही' असं विचारलं की मग ६.१.५५ वगैरे खरी आवृत्ती बाहेर येते. आर्चवाले सरळमार्गी: मूळ आकडा जसाच्या तसा आणि मागे 'आर्च१' ची शेपटी.

खरी गंमत रेड हॅटची. त्यांच्या लिनक्सची ७ वी आवृत्ती २०१४ साली आली तेव्हा कर्नल ३.१०, जून २०२४ मध्ये तिची नेहमीची देखभाल संपली तेव्हाही ३.१०. मधल्या दहा वर्षांत नव्या कर्नलमधल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या, ड्रायव्हर, बरंच काही उचलून या जुन्यात बसवलं गेलं. याला बॅकपोर्ट म्हणतात. पुण्याच्या पेठेत वाडा पाडून इमारत उभी राहते, लिफ्ट येते, पण पत्त्यावर तोच जुना घरनंबर असतो, तसं हे. म्हणून तिथे ३.१० कडे न बघता पुढचं '११६०.ईएल७' बघायचं. आमच्याकडे तपासणीला येणारं एक सॉफ्टवेअर मात्र ३.१० एवढंच वाचून लाल अक्षरांत सुरक्षेच्या त्रुटींची लांबलचक यादी काढायचं. मग प्रत्येक ओळीपुढे 'दुरुस्ती बॅकपोर्ट झाली आहे' असं लिहीत बसायचं. त्या यादीपेक्षा कर्नल कितीतरी ताजा होता!

बरं, मूळ आकड्यात तरी मोठा अर्थ असावा? एके काळी होता. मधला अंक सम असेल तर कर्नल स्थिर, विषम असेल तर प्रयोग चाललेले. २.६ च्या काळात ती रीत सुटली. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी २.६.३९ नंतर थेट ३.० काढला, तोही काही क्रांतिकारक बदल नसताना. लिनक्स विशीचं होत होतं, एवढंच निमित्त. ४.२० नंतर ५.० का, तर म्हणे मोजायला हातापायांची बोटं संपली. मला हा खुलासा मनापासून पटतो.

पण प्रोग्राम बिचारे भाबडे. आकडा २.६ नेच सुरू होणार, असं कित्येकांनी धरून ठेवलेलं. म्हणून फेडोरा या आणखी एका घराच्या १५ व्या आवृत्तीने ३.० हा कर्नल चक्क २.६.४० या नावाने दिला. मूळ कर्नलमध्येही अशी सोय आली, की ज्या जुन्या प्रोग्रामला नवा आकडा पचत नाही, त्याला २.६ चाच सांगायचा.

फेब्रुवारी २०२१ मध्ये तर ४.४ आणि ४.९ या दीर्घायुषी (वर्षानुवर्षं दुरुस्त्या मिळणाऱ्या) शाखांचा तिसरा अंक २५६ वर गेला. आतल्या हिशेबात त्या अंकाला एकच बाइट दिलेला, त्यात २५५ च्या पुढे मावत नाही. मग तिथे २५५ वरच गाडी थांबवली. ४.४ ही शाखा पुढे ३०२ पर्यंत चालली. आतली नोंद मात्र शेवटपर्यंत २५५ च.