आयसेव्हन आहे, पण कितव्या जनरेशनचा?

३१,००० रुपयांत आयसेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, २५६ जीबी एसएसडी, ५०० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), लाल-निळ्या दिव्यांचं कॅबिनेट आणि २० इंची मॉनिटर. घराजवळच्या एका दुकानदाराने पेनाने लिहून दिलेलं हे कोटेशन एका काकांनी आमच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवलं आणि सरळच विचारलं, “भाऊ, यात खोट काय आहे? मुलगा म्हणतो घेऊ नका. पण इथे आलो म्हणजे खर्च वाढणार, हे मला दिसतंय.”

मुंबईत कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, दिवाळीआधीच्या शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. २०२३ चा तो शनिवारही तसाच होता. अशा गर्दीत गिऱ्हाइकाला भाव सांगून मोकळं करायचं, हा बाजाराचा रिवाज. या दोघांना मी जवळजवळ अर्धा दिवस दिला. पहिलं मशीन घेणाऱ्याला एवढा वेळ मिळायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे, कारण घरात तो पैसा दुसऱ्यांदा लगेच उभा राहत नाही.

काका अंबरनाथच्या एमआयडीसीत मशीनवर कामाला. मुलगा नुकताच डिप्लोमाला लागलेला. त्याला व्हॅलोरंट खेळायचा होता, पुढे मोठे गेम खेळायचे होते आणि ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकायचं होतं. हातात ४५,००० रुपये होते, बोनसचे आणि भिशीचे मिळून. हप्ते नकोत, उधारी नको, हे काकांनी आधीच सांगून टाकलं.

मी म्हटलं, “काका, त्या दुकानात फोन लावा आणि एवढंच विचारा, आयसेव्हन कितव्या जनरेशनचा?”

फोन स्पीकरवर होता. पलीकडून उत्तर आलं, “आयसेव्हन आहे ना, सगळ्यात वरचा.” काकांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग मुलाने मॉडेल नंबर विचारला. जरा थांबून आवाज आला, “सव्वीसशे. एकदम ओके कंडिशन.” ग्राफिक्स कार्ड? “सातशे तीस, चार जीबी.”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. काकांना सांगायचं काम माझं होतं.

आयसेव्हन २६०० बाजारात आला जानेवारी २०११ मध्ये. त्या काळी तो खरोखर उत्तम प्रोसेसर होता. चार कोर, म्हणजे काम करणारी चार केंद्रं, आणि आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळता येणारी आठ कामं. पण २०२२ चा आयथ्री १२१००एफ, ज्याला लोक ‘फक्त आयथ्री’ म्हणतात, त्यातही चार कोर आणि आठ थ्रेडच आहेत, आणि त्याचा एकेक कोर त्या जुन्या कोरच्या दुपटीहून जास्त काम उरकतो. आय पुढचा तीन, पाच किंवा सात हा आकडा त्या एका पिढीतली पायरी सांगतो. पिढी कळते त्याच्यानंतर येणाऱ्या आकड्यावरून (२६०० मधला २ म्हणजे दुसरी, १२१०० मधला १२ म्हणजे बारावी), आणि कोटेशनवर नेमका तोच आकडा लिहिलेला नसतो. कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेले हे प्रोसेसर, त्यांच्यासाठी नव्याने बनवलेले स्वस्त एच६१ मदरबोर्ड आणि जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम, असा हा ‘नवा गेमिंग पीसी’ तयार होतो. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं. आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी असल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणजे ज्या गेमसाठी मशीन घ्यायचं, त्याचीच वाट पुढे अडलेली.

जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड. त्यावर ४ जीबी मेमरी लावली तरी कार्ड तेवढ्यानं ताकदवान होत नाही. चित्र काढणारी चिप दुबळीच राहते, आणि डीडीआर३ मेमरी तिला सावकाश माल पुरवते. ‘किती जीबीचं कार्ड?’ हा प्रश्न मी दिवसभर ऐकतो. त्याआधी ‘कुठलं कार्ड?’ हे विचारायला हवं.

एसएमपीएसबद्दल मात्र मी बोलत बसलो नाही. भंगाराच्या खोक्यातून एक काढून काकांच्या हातात दिला, कॅबिनेटबरोबर फुकट येणारा, वर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट छापलेला. दुसऱ्या हातात दुकानातला ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ हा कमी वीज वाया घालवण्याचा शिक्का असलेला. मशीनवर आयुष्य गेलेल्या माणसाला वजन समजावून सांगावं लागत नाही. तरीही मी लेबल वाचायला लावलं. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाला लागणारी वीज जवळजवळ सगळी १२ व्होल्टच्या लाइनवरून जाते. फुकटवाल्याच्या लेबलवर त्या लाइनपुढे लिहिलं होतं १६ अँपियर.

“बारा सोळे एकशे ब्याण्णव,” काका म्हणाले. “मग हे पाचशे कुठून आले?”

दुसऱ्या लेबलवर त्याच लाइनला ४५ अँपियर होते. काकांनी तोही गुणाकार केला, ५४०, आणि तो पहिला एसएमपीएस बाजूला सरकवला. त्यानंतर त्यांनी कोटेशनचा कागद पुन्हा हातात घेतला नाही.

मुलाने स्वतःची यादी वहीत आणली होती आणि ती चांगली होती. आयथ्री १२१००एफ, एच६१० बोर्ड, आरएक्स ६६०० कार्ड. बजेट गेमिंगला त्या काळात याहून सरळ जोडी नव्हती. पण नुसत्या कार्डालाच वीस हजारांच्या वर मोजावे लागत होते, आणि यादीत मॉनिटर, कीबोर्ड, माउस धरलेच नव्हते. सगळं मिळून ५७,००० च्या घरात जात होतं. शिवाय नावापुढच्या ‘एफ’चा अर्थ असा की त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. म्हणजे ‘कार्ड नंतर घेऊ’ म्हणायची सोय नाही.

बारा हजारांचा हा खड्डा भरायला गिऱ्हाईक साधारण दोन वाटा काढतं. एक, एसएमपीएस आणि एसएसडीवर काटछाट करायची. दुसरी, मायनिंगमधून, म्हणजे क्रिप्टो चलन कमावण्याच्या कामातून, आलेलं वापरलेलं कार्ड घ्यायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने कार्डांवरचं मायनिंग बंद केलं, तेव्हापासून आरएक्स ५८० सारखी कार्डं बाजारात भरभरून आली होती. महिनोन्‌महिने चोवीस तास तापलेली, धुऊन-पुसून चकचकीत केलेली. ज्याला कार्ड उघडून पंखा, पॅड, पेस्ट बदलता येते त्याने खुशाल घ्यावं. पहिलं मशीन, वॉरंटी नाही आणि घरी दुसरा कॉम्प्युटर नाही, अशा मुलाला मी ते देत नाही. त्यालाही दिलं नाही.

मी सुचवला एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर. सहा कोर, बारा थ्रेड, आणि आतच ग्राफिक्स. मुलाचा चेहरा पडला. “दादा, इंटिग्रेटेडवर गेमिंग होतं?”

दुकानात याच प्रोसेसरचं डेमो मशीन होतं. त्याने आपल्या आयडीने व्हॅलोरंट उघडला, फुल एचडी, सेटिंग लो. सरावाच्या मैदानात सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा आकडा सव्वाशेच्या वर राहिला. मग मी मशीन बंद केलं, रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिकांपैकी एक काढली आणि पुन्हा तेच मैदान सुरू करायला सांगितलं. आकडा नव्वदच्या आसपास आला, आणि वळताना चित्राला झटके बसू लागले. काउंटरवरची दोन-तीन गिऱ्हाइकंही येऊन मागे उभी राहिली.

आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते ती रॅममधूनच घेतं. ३२०० वेगाच्या एका स्टिकमधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा जातो. दोन स्टिका योग्य खाचांत असल्या तर ५१.२. रस्ता एकपदरीचा दुपदरी होतो, एवढंच. म्हणून ‘आता ८ ची एक घेतो, दुसरी नंतर’ किंवा ‘१६ ची एकच द्या’ म्हणणाऱ्याला मी दर वेळी थांबवतो. या प्रोसेसरवर निम्मी ताकद रॅमच्या जोडीत आहे. मुलगा काही बोलला नाही, पण वहीत खोडाखोड सुरू झाली.

मग यादी भराभर ठरली. ५६००जी ११,००० च्या आसपास. बी५५० चा, रॅमच्या चार खाचांचा बोर्ड साडेआठ हजार. इथे काका अडखळले, कारण अडीच-तीन हजारांनी स्वस्त बोर्ड समोर होता. पण एएम४ सॉकेटवर, म्हणजे हा प्रोसेसर जिथे बसतो त्या जागेवर, उद्या ५८००एक्स३डी सारखा तगडा प्रोसेसर बसवायचा तर बोर्डाचं वीज पुरवणारं सर्किट मजबूत हवं, आणि बोर्ड बदलायचा म्हणजे अख्खं मशीन सोडवावं लागतं. रॅमची जोडी ३,४००, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी २,८००, तोच ५५० वॅटचा एसएमपीएस ४,०००. कॅबिनेट पुढून जाळीचं, दिवे नसलेलं. २४ इंची, १०० हर्ट्झचा (सेकंदाला १०० वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर साडेआठ हजार. कीबोर्ड-माउस धरून ४२,००० च्या थोडं वर. उरलेल्या पैशांत काकांनी ६०० व्हीएचा यूपीएस मागितला. “आमच्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही,” म्हणाले. मुलाला ते पैसे कार्डासाठी ठेवायचे होते. मला काकांचं पटलं.

मशीन मुलानेच जोडलं, मी शेजारी उभा राहिलो. प्रोसेसरवरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि वरून दाब द्यायचा नाही. पिना प्रोसेसरला आहेत, वाकल्या की संपलं. बरोबर आलेला कूलर स्क्रूने बसतो, त्यासाठी बोर्डावरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात. त्या काढताना मागची पट्टी सुटते, म्हणून ती बोटाने धरून ठेवायची. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. त्याचे हात थरथरत होते, पण घाई नव्हती.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर रॅम २६६६ वर चालत होती. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी हा रॅमला तिचा पूर्ण वेग देणारा पर्याय चालू केल्यावर ३२०० झाली. मॉनिटर विंडोजमध्ये ६० हर्ट्झवर होता, तो १०० वर नेला. कित्येक घरांत हे दोन्ही वर्षानुवर्षं तसंच राहतं, पैसे दिलेले असूनही.

काका इतका वेळ स्टुलावर बसून बघत होते. आता उठून पडद्याजवळ आले, चष्मा वर केला आणि वाचलं, “१६ जीबी, त्यातली १३.९ वापरण्याजोगी. भाऊ, दोन जीबी कुठे गेली?”

त्यांनी विचारलं याचं मला मनापासून बरं वाटलं. मी बायोस पुन्हा उघडला आणि ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेले २ जीबी त्यांना दाखवले. “कार्ड लागलं की हे परत मिळतील?” मिळतील, म्हटलं. प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर बिलावर आहे का, हे त्यांनी एकेक खोका हातात घेऊन तपासलं.

पुढच्या वर्षी मुलगा एकटाच आला. सुट्टीत काम करून पैसे साठवले होते. कुणीतरी त्याला आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्तात देऊ केलं होतं, घेऊ का म्हणून विचारायला आला होता. नको म्हटलं. ते कार्ड चारच लेनवर, म्हणजे बोर्डाशी जोडणाऱ्या डेटाच्या चारच पदरांवर, चालतं आणि मेमरीही ४ जीबी. ५६००जी पीसीआयई या जोडणीच्या ३.० पिढीपुढे जात नाही, त्यामुळे त्याच्या मशीनवर ते कार्ड आणखी अडखळणार. आरएक्स ६६०० ला आठ लेन, ८ जीबी मेमरी, वीज १३२ वॅट. कार्डाला लागणारी एसएमपीएसची आठ पिनांची केबल पहिल्या दिवसापासून कॅबिनेटमध्ये गुंडाळून ठेवलेली होती, आणि काकांच्या यूपीएसलाही तो भार झेपणारा होता. त्याने ६६०० घेतलं. बायोसमधले ते २ जीबी परत ऑटोवर टाक आणि मॉनिटरची केबल बोर्डातून काढून कार्डाला लाव, एवढं सांगितलं. “माहितीये दादा,” म्हणाला, आणि बिलासाठी वडिलांचं नाव लिहायला सांगितलं.