जाड तारा चढवायच्या तर आधी पट्टी ठरवा

गिटारच्या तारांच्या पाकिटावर ९, १०, ११ असे आकडे असतात, ते इंचाचे हजारावे भाग. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या मशीन शॉपमध्ये यालाच थाऊ म्हणतात. दहाचा सेट म्हणजे पहिली, सगळ्यात बारीक तार दहा थाऊ जाड, म्हणजे ०.२५ मिलिमीटर. अकराची ०.२८. हाताला हा फरक लागतसुद्धा नाही. पण त्याच सुरात लावलेल्या तारेचा ताण जाडीच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे पहिली तार नऊवरून दहाला नेली की ताण २३ टक्क्यांनी चढतो, आणि दहावरून अकराला नेली की आणखी २१ टक्क्यांनी.

सहाही तारांचं मिळून बघा. स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या लांबीवर, म्हणजे नट (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) ते ब्रिज (तारांचा दुसऱ्या टोकाचा आधार) ६४८ मिलिमीटर, ९-४२ चा सेट (पहिली तार नऊ थाऊ, सहावी बेचाळीस) मानेला सुमारे ३९ किलोंनी ओढतो, १०-४६ चा ४७ किलोंनी आणि ११-४९ चा जवळपास ५४ किलोंनी. नऊवरून अकरावर गेलात तर मानेवर १५ किलो जास्त येतात. सिमेंटच्या पोत्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा! लेस पॉल गिटारची लांबी ६२८ मिलिमीटर, त्यामुळे तिच्यावर तोच सेट सहा टक्के ढिला पडतो. स्ट्रॅटवर दहा आणि लेस पॉलवर अकरा वापरणारे वादक भेटतात, त्यात हेही एक कारण असतं.

म्हणून "कुठला सेट घेऊ?" असं विचारणाऱ्याला माझा पहिला प्रश्न एकच: वाजवणार कुठल्या पट्टीत?

पेटीच्या भाषेत सांगतो. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सहावी तार पांढरी तीनला असते. सगळी गिटार अर्ध्या स्वराने उतरवली की ती काळी दोनला येते आणि ताण ११ टक्क्यांनी घटतो. पूर्ण स्वर उतरवून पांढरी दोनला आणली तर २१ टक्के घटतो. आता हिशेब करा. अकराचा सेट काळी दोनला लावला तर एकूण ओढ ४८ किलोंच्या आसपास येते, म्हणजे दहाचा सेट पांढरी तीनला असताना जेवढी होती जवळजवळ तेवढीच. मानेला आणि ब्रिजच्या स्प्रिंगांना फरक जाणवतही नाही, काम फक्त नटचं उरतं. गायकाच्या गळ्यासाठी पट्टी उतरवणं आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात नेहमीचंच आहे. अशा वेळी नऊच्या तारा ढिल्या होऊन लोंबतात, जोरात मारलं की सूर आधी वर जातो आणि मग खाली बसतो. जाड तारांचा खरा उपयोग इथे आहे. अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन पहिली तार तेराची लावायचा म्हणून सगळे सांगतात, पण त्याची गिटार अर्ध्या स्वराने उतरवलेली असायची हे सांगायचं राहून जातं.

पांढरी तीनलाच राहणार असाल आणि मींड (तार बोटाने ओढून सूर चढवणं, म्हणजे बेंड) भरपूर घेत असाल, तर नऊवरून दहावर या आणि थांबा. अकरा घ्यायच्या त्या हात जड असेल, नळी सरकवून स्लाइड वाजवायची असेल किंवा पट्टी उतरवायची असेल तर. फक्त सहावी तार पांढरी दोनला उतरवायची असेल तर १०-५२ चा सेट बरा. त्यात वरच्या तीन तारा दहाच्याच सेटमधल्या असतात आणि खालच्या तीन जाड. निव्वळ "आवाज भरदार होईल" या आशेने तारा जाड करू नका. थोडा फरक पडतो, पण सातच्या सेटवर वाजवणाऱ्या झेडझेड टॉप बँडच्या बिली गिबन्सचा आवाज काही पातळ नाही. भरदारपणा अॅम्प, पिकअप (तारांखालचं चुंबक, जे आवाज उचलतं) आणि उजव्या हातात जास्त असतो. जाड तारेने मिळते ती स्थिरता.

पाकीट घेताना तिसरी तार साधी आहे की गुंडाळलेली (आतल्या तारेवर दुसरी बारीक तार वेटोळलेली), ते बघून घ्या. अकराच्या पुढच्या सेटमध्ये दोन्ही प्रकार मिळतात. गुंडाळलेली तिसरी तार कॉर्डमध्ये सुरेल लागते, पण तिच्यावर मींड निघत नाही.

जुन्या तारा काढायच्या आधी तीन मापं कागदावर लिहून ठेवा: सतराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) पहिल्या आणि सहाव्या तारेची उंची, मानेचा बाक, आणि ब्रिज तरंगता (स्प्रिंगांवर हलणारा) असेल तर त्याच्या मागच्या कडेखालची फट. हत्यारं फार लागत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी, दुचाकीच्या टॅपेट सेटिंगसाठी मिळतं ते फिलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पानांचा संच), चांगला कटर आणि योग्य मापाची ॲलन की. मानेतला बाक सांभाळणाऱ्या सळईचा, म्हणजे ट्रस रॉडचा, नट इंचाचा असेल तर त्यात मिलिमीटरची की "जवळपास बसते" म्हणून घालू नका. ट्रस रॉडच्या नटाच्या कडा झिजल्या की त्याची दुरुस्ती गिटारच्या किमतीला जाते.

आता तारांच्या खाचांचा नट. नव्वद टक्के तक्रारी इथूनच सुरू होतात आणि बहुतेक जण दोष खुंट्यांना देतात. कारखान्यात नटच्या खाचा बहुधा नऊ किंवा दहाच्या सेटसाठी कापलेल्या असतात. ४२ थाऊची सहावी तार होती तिथे ४९ थाऊची आली की ती खाचेत तळाला बसत नाही, दोन्ही भिंतींत चिमटते. लक्षणं ठरलेली आहेत. सुरात लावताना खुंटी पिळली तरी सूर हलत नाही, मग एकदम "टिक" असा आवाज होऊन सूर पुढे उडी मारतो. मींड घेऊन परत आलं की तार उतरलेली राहते. आणि तार वर अडकल्यामुळे पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात, मोकळी तार मात्र बरोबर असते. असा गिटारवाला दर गाण्याआधी सूर लावत बसतो.

खाच तारेपेक्षा दोन ते तीन थाऊ रुंद हवी. ४९ च्या तारेला साधारण १.३ मिलिमीटर, ३८ च्या तारेला एकापेक्षा किंचित जास्त. नटसाठी खास कानशी मिळतात, पण महाग पडतात. एकाच गिटारचं काम असेल तर वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात गॅस टॉर्चचं नोझल साफ करायच्या सुयांचा संच मिळतो, त्यांच्या अंगाला बारीक दात असतात. व्हर्नियर कॅलिपरने मापून योग्य जाडीची सुई निवडायची. तीही नसेल तर जुन्या तारेच्या तुकड्याभोवती चारशे नंबरचा पॉलिश पेपर एकदाच गुंडाळा आणि हळू घासा, मात्र कागदाची जाडी धरून तुकडा पातळ घ्यायचा.

घासायच्या त्या भिंती. तळाला हात लावायचा नाही, निदान सुरुवातीला तरी. दहा-बारा वेळा घासा, तार टाका, बघा, पुन्हा काढा. खाच खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरती असली पाहिजे, म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवरच टेकते. मागची बाजू उंच राहिली तर तार खाचेत थरथरते आणि मोकळ्या तारेला सतारीसारखी झणझण येते. मिरजेचे सतारमेकर घोडी घासून जी जवारी जाणूनबुजून काढतात, तिचाच हा भाऊबंद. सतारीत ती हवी, इथे नको.

खोली तपासायची रीत सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेट यांच्यात पातळ कागद सरकेल एवढी फट दिसली पाहिजे. फट भरपूर असेल तर तळ थोडा उतरवा. फट अजिबात नसेल आणि मोकळी तार फ्रेटवर खरखरत असेल, तर खाच जास्त खोल गेली. मग त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा दाबून भरा, वर फेव्हिक्विकचा एक थेंब सोडा. क्षणात दगड होतो, आणि खाच नव्याने कापता येते. शेवटी मऊ पेन्सिलीचं टोक प्रत्येक खाचेत फिरवा, ग्राफाइटने तार सुरळीत सरकते.

तारा खुंटीवर गुंडाळताना जाड तारांना दोन-तीन वेढे पुरे, बारीक तारांना तीन-चार. प्रत्येक वेढा आधीच्याच्या खाली बसवा. गुंडाळलेली तार वळवून घेण्याआधी कापू नका, वरचं वेटोळं सुटतं आणि तार बद्द वाजते.

तरंगता ब्रिज असेल तर पुढची पायरी स्प्रिंगांची. ब्रिजला पुढून तारा ओढतात, मागून पोटातल्या स्प्रिंगा. तारांची बाजू जड झाली की ब्रिज पुढे झुकतो, मागची कड वर उठते, सगळ्या तारा फ्रेटपासून उंच जातात. मग माणूस एक तार चढवतो, बाकीच्या पाच उतरतात, आणि हे चक्र संपत नाही. त्यावर युक्ती आहे. स्ट्रॅटला मागच्या कडेखाली साधारण ३.२ मिलिमीटर फट हवी. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, म्हणजे चार जुनी कार्डं एकावर एक ठेवली की तीन मिलिमीटरच्या जरा वर. ही गड्डी ब्रिजखाली सरकवा. मागचं झाकण काढून क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या पत्र्याचे) दोन्ही स्क्रू ब्रिज गड्डीवर घट्ट दाबून बसेपर्यंत आवळा. आता सहाही तारा सुरात लावा. ब्रिज हलतच नसल्यामुळे एका तारेने दुसरी बिघडत नाही. सूर जमला की दोन्ही स्क्रू पाव-पाव वळशाने ढिले करत जा. कार्डं अलगद निसटली की थांबा. सूर जिथल्या तिथे असतो. पांढरी तीनला अकरा लावल्या असतील तर तीन स्प्रिंगांवर स्क्रू लाकडात फार खोल जातात, चौथी स्प्रिंग घाला. फ्लॉइड रोज या प्रकारच्या तरंगत्या ब्रिजलाही हीच रीत, फक्त ब्रिज गिटारच्या अंगाला समांतर येईल एवढीच गड्डी धरायची.

मग मान. नव्या तारांवर एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी सुरात लावून मापा. सहावी तार पहिल्या फ्रेटवर कॅपोने (मानेवर लावायच्या चिमट्याने) दाबा, दुसऱ्या हाताने सतराव्या फ्रेटवर. सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली ०.२५ मिलिमीटरचं पान सरकलं पाहिजे आणि तार उचलली जाता कामा नये. फट जास्त म्हणजे मान तारांनी ओढली. ट्रस रॉडच्या नटाकडे समोरून बघून घड्याळाच्या दिशेने पाव वळसा द्या, त्याआधी तारा थोड्या उतरवा. पुन्हा सुरात लावा, पुन्हा मापा. नऊवरून दहाला बहुधा पाव वळसा पुरतो, कधी लागतही नाही. रॉड जागचा हलत नसेल तर जोर लावू नका, तिथेच थांबून कारागिराकडे न्या.

बाक जमल्यावरच उंची बघायची. बाकाची चूक सॅडलने (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याने) झाकायला गेलात तर वरच्या फ्रेटवर खरखर येते. सतराव्या फ्रेटवर १.६ मिलिमीटरपासून सुरुवात करा. घट्ट तार कमी डुलते, त्यामुळे जाड सेटवर पूर्वीपेक्षा थोडं खाली जाता येतं.

इंटोनेशनसाठी, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरे लागावेत म्हणून, तार बाराव्या फ्रेटवर दाबून आणि तिथलाच हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) घेऊन ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरा असेल तर पुढे. जाड तार ताठ असल्यामुळे बहुतेक सॅडल थोडे मागेच जातील. गुंडाळलेली तिसरी तार याला अपवाद. तिच्या आतली तार बारीक असते, तिचा सॅडल पुढे आणावा लागतो.

पिकअप किंचित खाली घ्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, सिंगल कॉइल (एकेरी वेटोळ्याच्या) पिकअपला सहाव्या तारेखाली २.४ आणि पहिलीखाली २ मिलिमीटर. चुंबक फार जवळ आलं तर खालच्या तारा वरच्या फ्रेटवर दोन सुरांत बोलल्यासारख्या लागतात, आणि लोक इंटोनेशन बिघडलं म्हणून सॅडल फिरवत बसतात.

बोटांना आठवडाभर मुभा द्या. पहिले काही दिवस पूर्ण स्वराची मींड अर्ध्या तासापेक्षा जास्त घोटू नका, मनगट दुखू लागलं तर गिटार खाली ठेवा. मींड एका बोटाने न ओढता मागे दोन बोटांचा टेकू द्या, आणि जोर मनगटाच्या फिरकीतून आणा.

एवढं करून सेटअप कायमचा झाला असं मात्र धरू नका. खानापूर-जांबोटीच्या पावसात आणि अथणीच्या उन्हात एकच लाकूड एकसारखं राहत नाही. मृग लागल्यावर एकदा आणि दिवाळीनंतर हवा कोरडी पडल्यावर एकदा, तेच ०.२५ चं पान घेऊन मानेचा बाक तपासा. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर तारा सुती फडक्याने वरून आणि खालूनही पुसा. साध्या तारांना गंज आधी खालच्या अंगाला धरतो, आणि तो फ्रेटही खातो.