अकरावीचं वर्ष कोण मोजतं?

रविवार, रात्र

अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. दहावीचा शीण घालवायचा आणि बारावीला कंबर कसायची. बारावीच्या बोर्डाच्या निकालात अकरावीचा एक गुणही धरत नाहीत, सीईटी-जेईईला ते मार्कशीट कुणी विचारत नाही. म्हणून लेकीला ५६ टक्के पडले तेव्हा कॉलेज रोडवरच्या क्लासचे सर म्हणाले, "ताई, सोडून द्या ते."

पण तिला अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करायचाय. तिथे नववी ते बारावी, चारही वर्षांचे गुण मागतात. त्यातही अकरावी बारकाईने बघतात, कारण अर्ज जातो तेव्हा पूर्ण झालेलं शेवटचं वर्ष तेच असतं. दहावीला ९४ आणि अकरावीला ५६. कारण कळलं नाही तर वाचणारा काय समजणार?

कारण टीबी. मानेतल्या गाठीचा. सहा महिन्यांचे उपचार, त्यातले पहिले दोन महिने चार औषधं. सकाळी उपाशीपोटी गोळ्या, मग दिवसभर मळमळ, डबा तसाच परत. त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी केशरी होते हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, तरी पहिल्यांदा बघितल्यावर पोर घाबरून रडली. हजेरी गेली, केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स गेली, पहिल्या सत्राची परीक्षा तापात दिली. आता ती पूर्ण बरी आहे.

हे अर्जात लिहायचं का, यावरून आज जेवताना वाद झाला. सासूबाई म्हणाल्या, "मुलीच्या जातीला असलं लेखी कशाला द्यायचं? कावीळ म्हणा." मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या लहानपणी क्षयाच्या माणसाची ताटवाटी वेगळी ठेवत, ती धास्ती त्यांच्या मनातून गेलेली नाही. पण गाठीचा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही आणि औषधं पूर्ण घेतली की बरा होतो. एवढं सोसून, एकही गोळी न चुकवता बरी झालेली मुलगी आजाराचं नाव का लपवेल? मी ठाम आहे, टीबीच लिहायचं.

कुठे लिहायचं, हा खरा प्रश्न. मुख्य निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा असते आणि तिने पहिल्या खर्ड्यात ते सगळे आजारावर खर्चले होते. वाचताना डोळे भरून आले, पण त्यात माझी मुलगी कुठेच सापडेना. अशा अडचणी सांगायला अर्जात वेगळी जागा असते. तिथे तिने आता चार ओळी लिहिल्यात: काय झालं, उपचार कधी सुरू झाले, कधी संपले, त्यानंतरच्या चाचण्यांत किती गुण आहेत. कुठेही गयावया नाही. निबंध आता नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांवर आहे. २०२० साली त्या पाणथळीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, राज्यात पहिल्यांदा, तेव्हापासून लेक नोंदवही ठेवते. कुठला बदक कधी आला, पाणी किती होतं, वारा कुठून होता, सगळं त्यात आहे.

अर्जात शाळेच्या समुपदेशकाचा फॉर्म असतो. आपल्या ज्युनियर कॉलेजात असा माणूस कुठला? तो वर्गशिक्षक भरणार. सर द्राक्षाच्या छाटणीसाठी पिंपळगावला गेलेत, संध्याकाळी फोन लागला. म्हणाले, "राहिलेली प्रॅक्टिकल्स तिने दुपारी थांबून थांबून पूर्ण केली, कुणी सांगितलं नव्हतं. मी तेच लिहिणार." आमच्या चार ओळींपेक्षा त्यांच्या या एका वाक्याला जास्त वजन आहे, असं मला मनापासून वाटतं.

पैशाचा विचार वेगळा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट अशी मोजकीच कॉलेजं परदेशी मुलांना निवडताना घरची ऐपत बघत नाहीत, आणि चुरसही तिथेच सगळ्यात जास्त. म्हणून यादीत पुण्याचं फर्ग्युसनही आहे. तिथे आनंदाने जाईन, असं ती म्हणते.

बहुतेक अर्जांची मुदत १ जानेवारीच्या आसपास, निर्णय मार्चअखेरपर्यंत, आणि आपला बोर्डाचा निकाल मे महिन्यात. म्हणजे त्यांच्यासमोर बारावीचे म्हणून जातील ते कॉलेजच्या परीक्षांचेच गुण. पहिल्या सत्राची परीक्षा परवापासून आहे. पहिलाच पेपर केमिस्ट्रीचा.