शिमग्याला येऊन मोजा

फेब्रुवारी २०११. शाळा सांभाळून जनगणना गळ्यात पडली होती. माझ्या वाट्याला राजापूर तालुक्यातली सड्यावरची एक वाडी. खाली खाडी, वर जांभ्याचा उघडा कातळ. पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो. भात पिकतं ते मधल्या चिंचोळ्या मळ्यांत. त्यावर चार भावांचं पोट कधी भरलंच नाही.

सकाळपासून माणसांपेक्षा कुलपंच जास्त भेटत होती. शेवटच्या घरात आजी एकटीच कुळीथ पाखडत बसलेली.

"घरात माणसं किती?"

"नव. लिवा गुरुजी."

दोन मुलगे, सुना, चार नातवंडं आणि ती स्वतः. मी भराभर लिहीत गेलो आणि मग सुचलं. "ही सगळी आत्ता कुठे आहेत?"

"मुंबयला."

९ ते २८ फेब्रुवारीत जो इथे राहिलाच नाही, तो इथे मोजायचा नाही, हा नियम. मी खोडायला लागलो.

"माजी माणसं खोडता?" सूप थांबलं.

समजावताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. तिचा नवरा मुसाकाजी बंदरातून बोटीनं भाऊच्या धक्क्याला गेलेला, लालबागच्या गिरणीत लागलेला. १९८२च्या संपात गिरणी गेली, तो परतला आणि मुलगे गेले. ते राहतात नालासोपाऱ्याला, पण वाडीच्या लेखी सगळीच मुंबई.

पुढे आकडे आले तेव्हा मला हेच घर आठवलं. रत्नागिरी जिल्हा दहा वर्षांत १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरला होता. सिंधुदुर्गही घटला, आणि गंमत म्हणजे मुंबई शहर जिल्हाही. वाढलं होतं ठाणं. नालासोपारा तेव्हा त्यातच होतं. आमच्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका. वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक केलं. जिल्ह्यातले पुरुष गाडीत बसून गेलेत, हे कोणी लिहिलं नाही.

उठताना आजी म्हणाली, "मग शिमग्याला येऊन मोजा."

१ मार्चच्या मध्यरात्रीचा हिशोब धरायचा होता आणि होळी १९ मार्चला होती. कागद केव्हाच तहसीलला गेले होते. तरी पालखीच्या दिवशी मी वाडीत गेलो. आजीच्या अंगणात चपलांना जागा नव्हती. मला बघून तिनं आत हाक मारली, "अगो, गुरुजींना च्या टाक. मोजूक आलेत."