शोकेसमधली क्लिप

शाल, श्रीफळ, गुच्छ आणि सागवानी पाटीवर बसवलेली एक क्लिप. रुळाच्या क्लिपा बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त होणाऱ्याच्या हातात एवढं पडतं. शाल घडी होऊन कपाटात जाते, नारळाची चटणी होते, गुच्छ तर रिक्षातच मान टाकतो. उरते ती क्लिप. आरशासारखी चकचकीत, क्रोम प्लेटिंग केलेली, खाली पितळी पट्टीवर नाव आणि नोकरीची वर्षं. घरी आलेला पाहुणा ती उलटीसुलटी करून बघतो आणि विचारतो, ‘हे काय, पेपरवेट का?’

फलाटावर उभं राहून खाली पाहिलं तर ही वस्तू दर दोन फुटांवर दिसते. काँक्रीटच्या स्लीपरमध्ये क्लिप अडकवायला बिडाचा इन्सर्ट काँक्रीट ओततानाच बसवलेला असतो. रुळाखाली रबरी पॅड, रुळाच्या पायावर लायनर आणि त्या लायनरवर क्लिपचा टो, म्हणजे रूळ दाबणारं टोक. क्लिपचा मधला पाय इन्सर्टच्या भोकात हातोड्याने ठोकला की टो उचलला जातो आणि स्प्रिंगच्या जोराने रूळ दाबून धरतो. हा जोर म्हणजे टो लोड. मार्क थ्री नावाच्या प्रकारच्या क्लिपला तो ८५० ते ११०० किलो हवा, मार्क फाइव्हला १२०० ते १५००. रुळाला नटबोल्टने आवळलं तर गाड्यांच्या थरथरीने नट सैल होत जातो. क्लिपमध्ये सैल व्हायला नटच नाही. पेर पांडे-रोल्फसेन नावाच्या नॉर्वेच्या इंजिनिअरने १९५७ मध्ये काढलेली ही युक्ती. त्याच्या नावावरून कंपनीचं नाव पँड्रोल पडलं, आणि आपल्याकडे क्लिप कुणीही बनवलेली असो, तिला पँड्रोलच म्हणतात.

एका स्लीपरला चार क्लिपा. मुख्य मार्गावर किलोमीटरला १६६० स्लीपर, म्हणजे ६६४० क्लिपा. मुंबई ते पुणे १९२ किलोमीटर. याच हिशोबाने एकाच मार्गाला पावणेतेरा लाखांच्या आसपास लागतील, आणि घाटात तर मार्ग तीन आहेत. कारखान्यात आठ सेकंदाला एक क्लिप पडते असं धरलं तर तासाला ४५०, सात तासांच्या सलग कामाला ३१५०. पाळी सुटली तरी अर्धा किलोमीटर पुरा होत नाही.

काम वरवर साधं दिसतं. गज घ्यायचा, कापायचा, तापवायचा, वाकवायचा, तेलात टाकायचा. गज ५५ एसआय ७ या स्प्रिंग स्टीलचा. कार्बन अर्धा टक्का ते ०.६०, सिलिकॉन दीड ते दोन टक्के. मार्क थ्रीच्या गजाचा व्यास २०.६४ मिलिमीटर. हा तिरपागडा आकडा इंचात मांडला की लगेच सरळ होतो, तेरा सोळांश इंच. हे स्टील कापायलाही नाठाळ. थंडीत पहिल्या पाळीला गार गज शिअरिंगला लावला की टोकाला केसासारखी चीर जाते. ती तेव्हा दिसत नाही. तेलातून बाहेर आल्यावर तीच चीर आत उतरलेली असते. म्हणून जुना माणूस डिसेंबरात रात्रीच गजांचं बंडल आवारातून उचलून भट्टीजवळ आणून ठेवायला लावतो.

प्रत्येक भट्टीवर असा एक जुना माणूस असतो. त्याला कुणी मामा म्हणतं, कुणी अण्णा. खरं नाव हजेरीपटापुरतं. मामा बोलतात कमी, कारण भट्टी, प्रेस आणि ब्लोअर एकदम चालू असले की बोलून उपयोग नसतो. सगळा कारभार खुणांवर. दोन बोटं वर म्हणजे भट्टी वाढव, तळहात खाली म्हणजे थांब. आणि मूठ उघडझाप केली की चहा आला.

आता भट्टीवर पायरोमीटर असतो, लाल आकड्यात तापमान दाखवतो. नवीन ऑपरेटर त्या आकड्याकडे बघतो आणि मामा गजाकडे. याच्यावरून दर सहा महिन्यांनी एक वाद ठरलेला. पायरोमीटर खोटं बोलत नाही, पण त्याच्या काचेवर धूळ आणि तेलाचा धूर बसला की तो तापमान कमी दाखवतो. गजावर काळी पापडी सुटलेली असेल तर तो त्या पापडीचंच तापमान मोजतो, आणि पापडी आतल्या लोखंडापेक्षा थंड. ऑपरेटर आकडा कमी दिसतोय म्हणून भट्टी वाढवतो. गज जास्त तापतो, जास्त वेळ तापतो, आणि वरच्या थरातला कार्बन जळून जातो. सिलिकॉनवाल्या स्टीलला ही खोड जरा जास्तच. अशी क्लिप दिसायला छान असते, पण तिची कातडी मऊ पडलेली असते, आणि स्प्रिंगचा सगळा ताण कातडीवरच येतो. तडा तिथूनच सुरू होतो.

रंग बघणं म्हणजे तरी काय? नऊशेच्या पुढे गज नारिंगी होऊ लागतो, अकराशेला पिवळ्याकडे झुकतो. पण तोच गज दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन आत आलेलं असताना फिका लाल वाटतो आणि रात्रपाळीला पेटल्यासारखा. म्हणून भट्टीच्या तोंडाजवळ पश्चिमेची खिडकी असेल तर तिला जुनी ताडपत्री लावलेली आढळते. पाहुण्या साहेबांना ती गबाळेपणाची वाटते. नवीन मॅनेजर आले की पहिल्या आठवड्यात ती निघते आणि महिनाभरात मुकाट्याने परत लागते.

भट्टीतून निघालेला गज तीन प्रेसमधून जातो. पहिल्यात बाक येतो, दुसऱ्यात तो वळतो, तिसऱ्यात टो आणि हील, म्हणजे मागचा टेकणारा भाग, आपापल्या जागी बसतात. लगेच तेल. हा सगळा प्रवास सेकंदांचा, कारण क्लिप तेलात पडताना लाल असायला हवी. घोटाळा होतो तो तिसऱ्या प्रेसला. डायमध्ये पापडी अडकते, क्लिप निघत नाही, सांडशीने ओढेपर्यंत ती काळवंडते. नवखा ती तशीच तेलात ढकलतो, आकडा भरायचा असतो ना! ती क्लिप दोन दिवसांनी टो लोडच्या मशीनवर सातशेलाच मान टाकते, आणि मग सगळा लॉट संशयात. मामा अशी क्लिप सांडशीने उचलून उजव्या हाताला जमिनीवर ठेवून देतात. काही बोलत नाहीत. पाळी संपताना तिथे पाच-सहा क्लिपा ओळीने पडलेल्या असतात, त्या उद्या पुन्हा भट्टीत.

तेलाचं वेगळंच दुखणं. पावसाळ्यात पत्रा गळतो, टाकीत पाणी उतरतं. पाणी तेलापेक्षा जड, तळाला जाऊन बसतं. वर सगळं छान काळं, शांत. मग शंभरावी क्लिप तळापर्यंत पोचते, त्या पाण्याची एकदम वाफ होते आणि उकळतं तेल टाकीबाहेर येतं. यावर उपाय स्वस्त आहे. तळाच्या कॉकमधून वाटीभर तेल काढायचं आणि त्याचे चार थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकायचे. तडतड झाली तर पाणी आहे, नुसता धूर निघाला तर भट्टी पेटवा. फोडणीत ओली कढीपत्त्याची पानं टाकल्यावर होते तीच तडतड.

पुढचं टेम्परिंग. तेलातून निघालेली क्लिप काचेसारखी ठिसूळ असते. तिला साडेचारशे-पाचशे अंशांवर ठराविक वेळ ठेवायचं, म्हणजे कडकपणा रॉकवेल मापात ४० ते ४४ एचआरसीत येतो. त्याच्या खाली गेला तर क्लिप वाकून तशीच राहते, वर गेला तर मोडते. मग गेज. एक गो, एक नो-गो. एकात क्लिप बसली पाहिजे, दुसऱ्यात बसता कामा नये. शेवटी तेलात बुडवून गोणीत. रेल्वेच्या वतीने राइट्ससारख्या तपासणी करणाऱ्या कंपनीचे इन्स्पेक्टर येतात, लॉटमधून नमुने उचलतात, कडकपणा, मापं, टो लोड तपासतात. त्या दिवशी सगळ्या कारखान्याचे बूट स्वच्छ असतात.

गेटबाहेर या माणसाची ओळख एकच, ‘ते रेल्वेत आहेत.’ गावाकडून फोन येतात, गणपतीची तिकिटं कन्फर्म करून द्या म्हणून. रेल्वेशी आपला संबंध एवढाच की ती आपली गिऱ्हाईक आहे, हे चाळीस वर्षं समजावूनही कुणाला पटत नाही. पास नाही, क्वार्टर नाही, सरकारी पेन्शन तर नाहीच. टेंडर मिळालं तर तीन पाळ्या, हुकलं तर एक, आणि मार्चअखेर असेल तर रविवारसुद्धा. एक सवय मात्र रेल्वेवाल्यांहून पक्की. स्टेशनवर गाडीची वाट बघताना हे लोक इंडिकेटरकडे बघत नाहीत, रुळाकडे बघतात. क्लिपवर बनवणाऱ्याची खूण आणि साल उठवलेलं असतं. गंज नसेल तर ते फलाटावरूनही वाचता येतं. ‘आपली आहे,’ एवढंच म्हणतात.

निवृत्तीचं वय कुठे ५८, कुठे ६०. तारीख मात्र बऱ्याच जणांची एकच, ३१ मे. कारण जन्मतारीख १ जून. आईला आठवायचं ते ‘मोठ्या पावसात झाला’ एवढंच, आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलं. त्यामुळे मेच्या शेवटच्या संध्याकाळी एकेका कारखान्यात तीन-तीन सत्कार होतात, हार एकाच दुकानातून, भाषण एकच, फक्त नाव बदलून. ‘क्लिपने जसा रूळ धरला तसं मामांनी कंपनीला धरून ठेवलं’ हे वाक्य त्यात असतंच.

खरी धांदल त्याआधीचे दोन महिने. नो ड्यूजच्या कागदावर सह्या गोळा करायच्या. स्टोअरकडून व्हर्नियर आणि गेज जमा, पतसंस्थेकडून कर्ज फिटल्याचा दाखला, कॅन्टीन, लॉकरची किल्ली. पीएफचा फॉर्म १९, पेन्शनचा १० डी. आधारवर नाव एक, पीएफला एक आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच, म्हणजे दुरुस्तीचा अर्ज आधी. हे ज्याने नोकरीत असतानाच करून घेतलं तो सुटला. नाहीतर निवृत्तीनंतर त्याच गेटवर वॉचमनला पास मागत उभं राहावं लागतं.

ग्रॅच्युइटीचा हिशोब कामगाराला तोंडपाठ असतो, कारण तो दुपारच्या जेवणाच्या डब्यांवर हजारदा झालेला असतो. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १९,५०० असतील तर दिवसाचे ७५०, वर्षाचे ११,२५०. नोकरी ३१ वर्षं ७ महिने झाली असेल तर सहा महिन्यांच्या वरचे महिने पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ३२. तीन लाख साठ हजार. तेच ५ महिने असते तर ११,२५० गेले. म्हणून जुने लोक कामावर रुजू झाल्याची तारीख बायकोच्या वाढदिवसापेक्षा नीट सांगतात. पीएफवाल्या पेन्शनला पंधरा हजार पगाराची मर्यादा. पगार गुणिले वर्षं, भागिले ७० या तिच्या सूत्रात पस्तीस वर्षं पूर्ण धरली तरी महिन्याला साडेसात हजारांपाशी गाडी थांबते, आणि जुनी वर्षं जुन्या, कमी मर्यादेने मोजली की त्याच्याही अलीकडे.

मग सत्कार, आणि ती क्लिप.

ती कुठून येते? पास झालेल्या लॉटमधून नाही, तिथे एकेक नग मोजलेला असतो. स्टोअरवाला रिजेक्शनच्या पेटीतून बऱ्या दिसणाऱ्यातली एक उचलतो आणि शहरातल्या ट्रॉफीच्या दुकानात पाठवतो. ते तिला घासतात, ॲसिडमध्ये धुतात, आधी निकेल आणि वर क्रोम चढवतात. इथे एक गोष्ट होते जी मंडपातल्या दोघा-तिघांनाच माहीत असते. ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन सुटतो आणि चाळिशीपुढचा कडकपणा असलेल्या स्टीलमध्ये मुरतो. तो बाहेर काढायला प्लेटिंग झाल्यावर लगेच दोनशेच्या आसपास काही तास शेकावं लागतं. ट्रॉफीवाला कशाला शेकतोय? त्यामुळे ही सगळ्यात देखणी क्लिप रुळाला ठोकली तर आज धरेल आणि कदाचित पहाटे, गाडी नसतानाच, कट्‌कन मोडेल. शोकेसमध्ये तिच्यावर कसला भार नाही, म्हणून ती शाबूत.

मामांना हे सगळं हातात घेतल्याक्षणी कळलेलं असतं. शिवाय टो. तो एका बाजूला जेमतेम मिलिमीटरभर उचललेला आहे, म्हणजे तिसऱ्या प्रेसच्या डायची कड गेली होती तेव्हाचा माल, दिवाळीच्या आसपासचा. डाय बदला म्हणून तेव्हा सांगितलंही होतं. आता माइकवर साहेब ‘आपल्या हातचीच ही क्लिप’ म्हणत असतात आणि मामा मान डोलावतात.

घरी पाहुणा ती परत पाटीवर ठेवतो आणि म्हणतो, ‘मजबूत दिसतेय.’

‘दिसते,’ मामा म्हणतात, आणि पाटी जराशी फिरवून टो भिंतीकडे करतात.