तुम्ही विचारलंत म्हणून: मी ज्यांच्या हाताखाली वकिली करते, त्या सरांनी केसेस जिंकल्या किती?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, विरार लोकलमध्ये विचारलाय, एकदा तर डेंटिस्टने तोंडात नळी घालून विचारलाय. "तुमचे सर म्हणजे ते घोटाळेवाल्यांच्या केसेस लढतात तेच ना, जिंकल्या किती?" आणि मागच्या महिन्यात न्यू जर्सीच्या भावोजींनी तिकडच्या एका व्हाइट कॉलर डिफेन्सवाल्या, म्हणजे आर्थिक गुन्ह्यांतल्या आरोपींचा बचाव करणाऱ्या, वकिलाची माहिती पाठवली, ट्रायल किती, निर्दोष किती, शिवाय अमेरिकन कॉलेज ऑफ ट्रायल लॉयर्स या वकिलांच्या संस्थेचा फेलो म्हणजे सदस्य, जे म्हणे अर्ज करून मिळतच नाही, त्यांनीच बोलवावं लागतं, कमीत कमी १५ वर्षं ट्रायल चालवलेल्या असाव्या लागतात आणि एका राज्यातल्या १ टक्क्याहून जास्त वकिलांना घेत नाहीत. खाली भावोजींचा मेसेज, "तुझ्या सरांची अशी लिस्ट पाठव."

तर भावोजी, पहिली गोष्ट म्हणजे सरांनी अशी लिस्ट छापली तर वकिलीच्या सनदेवरच बेतेल. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे आपल्याकडे वकिलाला जाहिरात करता येत नाही, दारावरची पाटीसुद्धा वाजवी आकाराची हवी. अर्थात टीव्हीवर बाइट देणाऱ्यांना हा नियम कधी आठवतो हा वेगळा विषय.

दुसरी गोष्ट, मोजायचं कसं? नानावटीची केस घ्या, नौदल अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या ती, मुंबईत क्रिमिनल वकील म्हटलं की लोक अजून तीच काढतात. १९५९ मध्ये सेशन्स कोर्टात कार्ल खंडालावाला बचावाला उभे होते, ज्यूरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं. म्हणजे जिंकले? जजसाहेबांना ते पटलं नाही, त्यांनी केस हायकोर्टाकडे पाठवली, १९६० मध्ये जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. आता लावा हिशोब. आणि गंमत अशी की खंडालावालांचं नाव आज काळा घोड्याच्या म्युझियममधल्या एका दालनाला आहे, ते वकिलीसाठी नाही, त्यांनी जमवलेल्या चित्रं-मूर्तींसाठी.

आमच्या लाइनीत तर निकाल लागेपर्यंत अर्धे आरोपी रिटायर होतात, त्यामुळे जिंकणं म्हणजे बऱ्याचदा जामीन किंवा डिस्चार्ज, म्हणजे खटला चालण्याआधीच सुटका. मनी लाँडरिंगच्या कायद्यात कलम ४५ असं आहे की जामीन देण्याआधीच कोर्टाला वाटायला हवं की हा माणूस दोषी नसावा. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती अट उडवली, २०१८ मध्ये सरकारने दुरुस्ती करून परत आणली, जुलै २०२२ मध्ये कोर्टाने ती मान्य केली. तिथे जामीन झाला की ऑफिसात वडापाव मागवतात, निकाल वगैरे पुढचं पुढे.

पण तुम्ही विचारलंतच, तर माझ्या मते सरांची सगळ्यात मोठी केस एका आरोपी क्रमांक ४ ची. पेपरात दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत. २००६ ची सीबीआयची केस, एका सरकारी बँकेतली, आरोपी १ आणि २ कंपनीवाले, ३ मॅनेजर आणि ४ म्हणजे आमचे अशील, आम्ही त्यांना काका म्हणायचो, ज्यांची बिलांवर दुसरी सही होती. तेव्हाच्या आयपीसीची कलमं १२०-ब म्हणजे कट, ४२० म्हणजे फसवणूक आणि अर्थातच ४०९ म्हणजे विश्वासघात, कारण बँकवाला आला की ४०९ यायचंच, त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती.

२०१७ मध्ये बँकेचा अधिकारी साक्षीला आला, कॉम्प्युटर स्टेटमेंट सिद्ध करायला. असं प्रिंट पुरावा म्हणून चालायला त्यासोबत ते खरं असल्याचं सर्टिफिकेट लागतं. मी तेव्हा नवीन, रात्र जागून ४१ प्रश्न काढलेले, सरांनी टॅक्सीत कागद वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. उभे राहिले आणि तीनच प्रश्न. हे प्रिंट तुम्ही काढलंत? नाही. काढताना समोर होतात? नाही. यासोबत सर्टिफिकेट आहे? फाइल चाळून, नाही. सर बसले. मला इतका राग आला, बाहेर कॉरिडॉरमध्ये विचारलं की सर, मग प्रिंट काढलं कोणी हे तरी विचारायचं ना, तर म्हणाले, "विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं."

हे मी नंतर पाच वर्षं ज्युनियर पोरांना ऐकवत फिरले. पण खरं असं की त्या क्रॉसने, म्हणजे उलटतपासणीने, काहीच झालं नाही! जुलै २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाचा अर्जुन खोतकर निकाल आला, आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा, त्यात सर्टिफिकेट पाहिजेच असं सांगितलं पण ट्रायल संपेपर्यंत ते नंतरही आणता येईल असंही म्हटलं. सीबीआयच्या पीपींनी, म्हणजे सरकारी वकिलांनी, लगेच साक्षीदाराला परत बोलवायला ३११ चा अर्ज टाकला, मंजूर झाला, अधिकारी परत आला, सर्टिफिकेट आलं, प्रिंट वाचलं गेलं. माझी स्टोरी गेली.

केस सुटली ती एका कंटाळवाण्या सर्क्युलरमुळे. सरांनी बँकेची इन्स्ट्रक्शन्सची बाडं मागवून घेतली होती, धूळ इतकी की आमच्या क्लार्कला चार दिवस खोकला, आणि त्यात एक पान असं होतं की दुसरी सही करणाऱ्याने फक्त पहिली सही आणि आकडा जुळतो का बघायचं, माल आला की नाही हे बघणं त्याचं कामच नाही. ते पान सर २००९ पासून सांभाळून होते. त्यावर एकही चमकदार प्रश्न विचारला नाही, फक्त पान एक्झिबिट करून, म्हणजे पुराव्यात नोंदवून, घेतलं आणि शेवटच्या आर्ग्युमेंटमध्ये वीस मिनिटं त्याच्यावर बोलले, तेही एका सुरात, मला झोप येत होती. २०२२ मध्ये काका निर्दोष, बाकी तिघांना शिक्षा. ते तिघं सरांकडे नव्हतेच, नाहीतर तुम्ही म्हणाला असतात की चोरांना सोडवलं.

काका ४४ चे होते तेव्हा केस झाली, निकालाला ६०. निलंबन, अर्धा पगार, मुलीचं लग्न मधेच उरकलेलं. निकालानंतर पेढे वगैरे काही नाही, सरांना म्हणाले, साहेब सर्टिफाइड कॉपी दोन काढा, एक बँकेला द्यायची आणि एक मुलीच्या सासरी. कॉपी हातात आल्यावर तिथेच कोर्टाच्या बाकावर बसून पानं उलटत राहिले. शंभरेक पानांत सगळीकडे ए-४, ए-४. मला विचारलं, "ताई, त्यांना कळेल ना की ए-४ म्हणजे मीच?"

सर्टिफाइड कॉपीवर पेनाने खूण करता येत नाही. पहिल्या पानावर आरोपींची नावं होती, तिथे मी एक पिवळी चिठ्ठी चिकटवून दिली.